पुठ्ठ्यावरचे प्रेमाचे रस्ते

चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी कामाला होते, तिथं रेडिओ-टीव्हीच्या आत बसणारे छोटे भाग जोडले जायचे. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच. मी पिशोरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावी झालेली. मुकुंदवाडीत दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. तेव्हा शहराच्या कडेनं नवनव्या शेड उभ्या राहत होत्या, आणि शहराच्या आत कधी विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा, तर कधी त्याच्याविरुद्ध बंद. बंद असला की कंपनीची बस आम्हाला सकाळी लवकर आणून सोडायची, पण रस्ता मोकळा झाल्याचा पोलिसांचा निरोप आल्याशिवाय संध्याकाळी निघायची नाही. तोवर आम्ही कँटीनमध्ये बसून.

अशाच एका बंदच्या दिवशी मी गोष्ट सांगत होते. पोरगी बसस्टँडवर उभी आहे, तिला पळवून न्यायला येणारा पोरगा काही येत नाही, शेवटची गाडी निघून जाते आणि ती रडत घरी परतते. पॅकिंगमधली मावशी, आमच्यात सगळ्यात मोठी, हातातली पोळी खाली ठेवून म्हणाली, "मी नसते परतले. सरळ त्याच्या घरी जाऊन दार वाजवलं असतं."

शेजारी सिल्लोडची आपा बसली होती. ती हळू बोलायची, पण तिचं बोलणं सगळ्या ऐकायच्या. म्हणाली, "मी तिथंच बसले असते. सबर केला असता. त्याची गाडी चुकली असंल."

"मग दोन्ही सांगते," मी म्हणाले. आणि दोन्ही सांगितलं. मावशीचा पोरगा भित्रा निघाला, आपाचा खरोखर पंक्चर झालेली सायकल ढकलत आला.

दुसऱ्या दिवशी मी खोक्यांचा फेकलेला पुठ्ठा घेतला, पत्त्यांएवढी पानं कापली आणि लिहायला बसले. प्रत्येक पानावर एक प्रसंग. खाली दोन वाटा, आणि कुठली धरली तर पुढं कुठलं पान घ्यायचं तो आकडा. खेळणारीनं स्वतः ती पोरगी व्हायचं आणि निवडत जायचं. माझी भाची आता पुण्यात हेच काम कंप्युटरवर करते. मोठ्या माणसांसाठीचे प्रेमाचे खेळ, खेळणारा निवडेल तशी गोष्ट वळते. ती त्याला रूट म्हणते. आम्ही रस्ता म्हणायचो.

एकाच रस्त्यावर सगळ्या चालत नाहीत, हे मला लवकर कळलं. आपाला ओढणी सावरण्यात आणि गच्चीवरून एकमेकांना बघण्यातच महिने काढायचे होते. पोरगं लगेच बोलायला लागलं की ती पान परत करायची. "एवढी घाई कशाला? आधी त्याला तरसू दे जरा." तिच्यासाठी मी लांबलचक रस्ता केला, त्यात हात हातात यायलाच खूप पानं लागायची.

मावशीचं उलटं. "तुझी गोष्ट लग्नापाशी येऊन थांबती," ती म्हणाली. "लग्न तर मी पंधराव्या वर्षीच केलं. त्याच्यापुढचं लिही की."

"पुढचं म्हणजे?"

"रात्रीचं. बाईच्या मनात काय असतं ते कोणी विचारतं का?"

मला लाज वाटली, पण मी लिहिलं. तो थकून आलाय, भिंतीकडं तोंड करून झोपलाय. तुला त्याच्याजवळ जायचंय. तू आपणहून हात लावशील, की तो वळायची वाट बघशील? कँटीनमध्ये ते पान वाचल्यावर सगळ्या हसत सुटल्या. मावशी हसली नाही. पान हातात धरून म्हणाली, "हात लावीन."

लाइनच्या टोकाला एक चष्मेवाली बसायची. बेगमपुऱ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, बाहेरून बी.ए. करत होती. भाऊ नामांतराच्या आंदोलनात, दोनदा आत जाऊन आलेला. ती शांतपणे खेळायची आणि दर वेळी एकाच पानावर थांबायची. त्या पानावर पोराची आई विचारते, तुमचं आडनाव काय?

एकदा तिनं पानं माझ्यासमोर ठेवली. "मी इथं आडनाव सांगितलं की खेळ संपतो," ती म्हणाली. "तुझ्या कुठल्याच रस्त्यावर मला आत येता येत नाही. माझा रस्ता कर."

मी घरी जाऊन मोठ्या हौसेनं रस्ता केला. पोरगं सगळ्यांशी भांडतं, आई रडून विरघळते, शेवटी वरात. तिनं वाचला आणि परत दिला. "हे पडद्यावरचं झालं. आणि यात तू मलाच निवडायला लावतेस. मी काय निवडू? मी तर हो म्हणूनच बसलेय. निवडायचंय त्याला. ह्या रस्त्यावर खेळणारीनं पोरगा व्हायचं."

हे मला सुचलं नसतं. तिच्याबरोबर बसूनच मी ती पानं लिहिली. मुख्य पान असं होतं: तू तिच्या वस्तीत आला आहेस. तिच्या आईनं चहा पुढं ठेवलाय. दारात शेजारी उभे आहेत, तुझ्या ओळखीचा एक जणही आहे. चहा पिणार, की पोटात दुखतंय म्हणणार?

ते पान कँटीनमध्ये आलं आणि जालन्याची एक जण उठून उभी राहिली. "मोर्चे बाहेर चाललेत तेवढे बास नाहीत का? डबा खाताना कशाला पाहिजे हे?" आवाज वाढला, तसा सुपरवायझर आला. त्यानं पानं चाळली. मावशीच्या पानावर आल्यावर त्याचे कान लाल झाले.

"हे रात्रीचं, आणि हे वस्तीचं, एवढं काढून टाका," तो मला म्हणाला. "बाकी खेळा, माझं काही म्हणणं नाही."

तो तसा वाईट माणूस नव्हता, तोडगा काढल्यासारखं बोलला. पण मी मागं वळून पाहिलं. मावशी खाली बघत होती, चष्मेवाली सरळ माझ्याकडं.

"साहेब, सगळे रस्ते एकाच खेळातले आहेत," मी म्हणाले. "काढायचे तर सगळे काढा."

त्यानं सगळी पानं टेबलाच्या खणात टाकली. परत दिली नाहीत.

त्या आठवड्यात मी सगळी पानं पुन्हा लिहिली, आणि आधीपेक्षा बरी लिहिली. सुट्टीच्या दिवशी आम्ही मावशीच्या खोलीवर जमायला लागलो. तिथं कुणाची परवानगी लागत नव्हती. आपा चिवडा आणायची. आणि एका सुट्टीला दारात जालन्याची उभी. का आली, ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बसली आणि म्हणाली, "ते चहाचं पान द्या."

तिनं ते दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "पोटात दुखतंय म्हणणार."

मी पुढचं पान काढलं. त्यावर मी फक्त 'खेळ संपला' लिहिलं होतं. तेच वाचून दाखवलं.

"खरं खेळली ती," चष्मेवाली म्हणाली. "पण खेळ कसा संपला? तो उठून गेला म्हणून माझी गोष्ट कशी संपेल? कपबशी कोण धुणार? परीक्षा जवळ आलीय, अभ्यास कोण करणार?"

मग मी सगळी पानं काढून बघितली. हो म्हटलं की पुढं रस्ता लांबच लांब होता. नाही म्हटलं की कुठंही एका पानात संपत होता. आपाचा, मावशीचा, सगळ्यांचाच. पुढचे कित्येक आठवडे मी फक्त नाहीनंतरची पानं लिहिली. त्यात नोकऱ्या होत्या, बहिणी होत्या, नंतर भेटलेली दुसरी माणसं होती, काहींमध्ये कुणीच नव्हतं आणि तरी दिवस बरा जात होता. चष्मेवाली प्रत्येक पान तपासायची. तिला दया दाखवलेली चालायची नाही.

जालन्याची नंतरही यायची. "तिथून परत खेळता येतं का?" असं विचारायची आणि परत पोटदुखीच निवडायची. एकदा म्हणाली, "माझ्यानं व्हत नाय अजून." आम्ही तिला पुढचं पान देत राहिलो.

त्याच सुमारास वडील गावाकडून आले. आत्याच्या मुलाशी माझं जमवायचं लहानपणापासून ठरल्यासारखंच होतं. तो वाळूजला नव्या कारखान्यात फिटर होता. मी म्हणाले, "आधी मी त्याच्याशी बोलणार."

"बोलायचं काय त्यात?" वडील म्हणाले. "आत्याचं लेकरू हाय, परकं हाय का?"

"म्हणूनच बोलणार."

मी त्याला सांगितलं, की माझ्या मैत्रिणीच्या घरी चहाला जायचंय, आणि घर कुठं आहे तेही सांगितलं. तो थोडा थांबला आणि चल म्हणाला. वस्तीत चष्मेवालीच्या आईनं चहा ठेवला. त्यानं तो सगळा प्यायला, पाणीही मागून प्यायला, भावाशी पगाराबद्दल बोलला. मी मनातून खूश होते. परतताना सायकल हातात धरून चालत होता, बीबीच्या मकबऱ्याच्या पुढं आल्यावर म्हणाला, "आईला सांगू नको मातर."

ह्याचं पान मी केलंच नव्हतं. मी दोनच वाटा धरून चालले होते.

"सांगायचं तर तूच सांग," मी म्हणाले. "तोवर लग्नाचं बोलणं नको."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मला नोकरी आहे. खोली आहे."

हे मी चिडून म्हटलं नाही. त्या आठवड्यांत एवढी पानं लिहिली होती, की नाहीनंतर काय काय असू शकतं ते मला नीट दिसत होतं. तो मान हलवून निघून गेला. बरेच दिवस काही निरोप नाही. वडील दोनदा येऊन रागावून गेले. मावशी म्हणायची, तू जाऊन दार वाजव. आपा म्हणायची, सबर कर. मी कामावर जात राहिले.

मग एका संध्याकाळी तो कंपनीच्या गेटवर उभा. "सांगितलं," म्हणाला. "बोलत नव्हती माझ्याशी. ताट पण पुढं सरकवून द्यायची. आता बोलती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चहा बरा होता का."

आमचं लग्न झालं. चष्मेवाली आली, पंगतीत बसली. आत्या वाढायला तिच्यापर्यंत आली नाही, दुसरीकडं वाढत राहिली. ते आम्ही दोघींनीही पाहिलं. चष्मेवाली जेवून उठली आणि जाताना मला म्हणाली, "आत्याबाईंचा रस्ता लांबचा आहे. पानं जास्त कर."

नंतर लाइनवर यंत्रं आली, बायका कमी झाल्या, कोणी कुठं गेली. पुठ्ठ्याची पानं हाताळून मऊ पडली आणि कोपरे गेले, तशी मी पुन्हा पुन्हा लिहून दिली. आपानं एक संच सिल्लोडला नेला. चष्मेवाली एम.ए. झाली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला बीडकडं कॉलेजात नोकरी लागली. आम्ही दोघं तिला स्टँडवर सोडायला निघालो, तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात स्टीलचा डबा, आत धपाटे.

"तिला दे," ती मला म्हणाली. "आणि तिला म्हणावं, डबा आपला हाय. ठिवून घेऊ नको, सुट्टीला येशील तवा घरी आणून दे."