बॅटरीमामांनी काच फोडली

आमच्या थिएटरात त्यांना सगळे बॅटरीमामा म्हणायचे. सव्वीस वर्षं हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवल्या त्यांनी. काटकुळा माणूस, शर्ट कायम इस्त्रीचा, आणि शिस्तीचं तर विचारूच नका! पाच मिनिटं उशीर झाला की मला म्हणायचे, "पोरी, घड्याळ विकलंस का?"

मी तिथे पॉपकॉर्न विकते. त्या दिवशी दुपारच्या खेळाला माझ्या मशिनची वायर जळाली. वीतभर जाळ, काळा धूर. मी प्लग उपटला, विझवलं, खिडकी उघडली, भिंत पुसली आणि वायर पिशवीत कोंबली. मध्यंतराआधी काउंटर लख्ख पाहिजे, ही दहा वर्षांची सवय. हात आपले चालतच राहिले. मालकांची बोलणी नकोत, एवढंच डोक्यात.

तिकडे दारावर मामांना जळका वास आला. आत चारशे माणसं. मामांनी मागचापुढचा विचार न करता अलार्मची काच फोडली.

बंब आला, तेव्हा कुठे काहीच नव्हतं. चेंगराचेंगरीत मात्र एका आजीबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. मालक पोलिसांना म्हणाले, "परवा रजा नाकारली, त्याचा डूख धरला याने." डूख म्हणे! मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस तो! पण सार्वजनिक ठिकाणी आगीची खोटी आवई उठवणं हा गुन्हा, त्यात बाई जायबंदी. मामांवर खटला भरला. पोलिसांनी मलाही विचारलं. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, "मला नाही बाई कसला वास आला."

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत आठ महिने काढले. मामांचा वकील म्हणत होता, जाणूनबुजून खोटा अलार्म दिला तरच शिक्षा होते, एकाने जरी वास आल्याचं सांगितलं तरी सुटतील. मामी काउंटरवर येऊन रडल्या, "जरा आठवून बघ गं." मी मान खाली घालून पुड्या भरत राहिले. आता बोलले तर पुरावा लपवला म्हणून मीच आत जाणार होते. आग लागो माझ्या तोंडाला!

शेवटच्या तारखेला मामा कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मला जवळ बोलावलं.

"पोरी, खरं सांग. तू तर अगदी तिथंच होतीस. तुला खरंच काही वास आला नव्हता?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नाही, मामा."

"मग माझंच नाक फिरलं," ते म्हणाले. "तू कशाला खोटं बोलशील? त्या म्हातारीचं हाड मीच मोडलं."

"वय झालं की होतं असं, मामा."

त्यांनी मान हलवली. पुकारा झाल्यावर आत गेले, आणि वकील त्यांची बाही ओढत असताना साहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "अलार्म खोटा होता. गुन्हा कबूल आहे." दीड वर्षाची शिक्षा झाली. जाताना मला म्हणाले, "आलीस, बरं वाटलं."