धुळेवाली

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ज्वारीचं पीठ चाळत होते. दादाच्या केळीच्या मळ्यातला रामा धुळ्याला आमच्या दारात येऊन उभा राहिला, डोक्याचं फडकं काढून त्याने हातात घेतलं आणि म्हणाला, "ताई, वहिनीबाई गेल्या. ताप व्हता. लवकर चला, गाव थांबेल आहे." मी त्याला बस म्हटलं, पाणी दिलं आणि उरलेलं पीठ चाळून संपवलं. आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं... पण त्या वेळी पीठ तसंच टाकून उठावं असं मनात आलंच नाही. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून गाडी बदलून भुसावळ, मग तापी ओलांडून यावलच्या अंगाला आमचं गाव. वाटेत ह्यांनी हळूच विचारलं, "रडली नाहीस?" मी म्हटलं, नाही. आज इतके आठवडे झाले, रडू अजून आलेलं नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत लोक मोठ्या माणसांवर लिहितात. वहिनी मोठी नव्हती. पण बोलायला ज्या माणसाकडे जावं तेच गेलं, तर लिहिण्यावाचून दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही.

दादा भुसावळच्या रेल्वेत फिटर होता. तिथून तो आफ्रिकेत मोंबासाच्या रेल्वेत गेला आणि तिथेच त्याचं लग्न झालं. मुलगी आमच्यातलीच. तिचे वडील मूळ साक्रीकडचे, पण त्यांच्या भाऊबंदांपैकी इकडे कोणी उरलं नव्हतं. वहिनीचा जन्म मोंबासाचा. तिने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. आमच्या वडिलांना मळा झेपेना तेव्हा दादा परतला आणि बैलांच्या दमणीतून वहिनी आमच्या दारात उतरली, पायांत काळे बूट घालून. मी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होते. साऱ्या गल्लीने आधी बूट पाहिले, मग वहिनीला पाहिलं.

तिचं मराठी आईकडून शिकलेलं, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. ती माझ्या आईला 'आपण' म्हणायची. आमच्याकडे सासूलाही तू, बापालाही तू, देवालाही तूच. "आपण जेवलात का?" असं वहिनीने विचारलं की आई मागे वळून बघायची, कोणी पाहुणा तर आला नाही ना! जेवणाचेही हालच. तिकडे सगळं नारळात शिजवायचं आणि आमच्याकडे भरतात वांग्याइतक्याच हिरव्या मिरच्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या असायच्या आणि ही म्हणायची, "छान आहे." आई म्हणायची, "छान आहे तं रडतं कायले वं?" आणि आणखी एक भाकरी वाढायची.

खरी अडचण दाराची होती. मोंबासाला म्हणे कोणाच्या घरी गेलं की उंबऱ्याबाहेर थांबून हाक द्यायची आणि आतून 'या' असं आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमच्या गावात कोणी कोणाला 'या' म्हणत नाही. बोलत बोलतच शिरायचं, थेट चुलीपर्यंत. वहिनी शेजारणीकडे विरजण मागायला जायची आणि उन्हात बाहेर उभी राहायची. आतल्या बाईला वाटायचं, ही आमच्या घरात यायला तयार नाही. मोठी साहेबीण लागून गेली! आणि त्याच बायका धाडकन हिच्या स्वयंपाकघरात शिरल्या की ही दचकून हातातलं भांडं सोडायची. मी एकदा तिला हाताला धरून पाच-सहा घरांत घुसवलं. परत आल्यावर म्हणाली, "वन्सं, चोरी केल्यासारखं वाटतं हो." तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

आमच्याकडे बायकांना त्यांच्या माहेरच्या गावावरून ओळखतात. सावदावाली, फैजपूरवाली, नशिराबादवाली. बाईचं स्वतःचं नाव नवऱ्याला आणि तलाठ्याला ठाऊक, बाकी गावाला तिचं माहेर ठाऊक. वहिनी अर्थातच मोंबासावाली झाली. म्हणणाऱ्यांना मोंबासा कुठे आहे ते माहीत नव्हतं. आपल्या इथून बैलगाडी जात नाही अशा ठिकाणी आहे, एवढं मात्र सगळ्यांनी ताडलं होतं.

मग आखाजी आली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्यतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमची दिवाळी तीच. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, गौराई बोळवायच्या दिवशी दुसऱ्या गल्लीतल्या बायकांना मनसोक्त शिव्या देतात आणि कोणी त्यांना काही म्हणत नाही. वर्षभर सासरी जे गिळलं ते सगळं तिथे बाहेर पडतं. पण माहेरी आपलं आपण जायचं नसतं. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला यावा लागतो. आईने वहिनीला बोलता बोलता सांगितलं होतं, "आखाजीले साऱ्या सुना जातात." वहिनीला तो नियम वाटला. ज्यांचं माहेर लांब त्यांच्यासाठी गावच कोणाला तरी पाठवत असेल, अशी तिने आपल्या मनाशी समजूत करून घेतली. सकाळी न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली. फैजपूरवालीचा भाऊ आला, तिला घेऊन गेला. सावदावालीचा बाप आला. दमण्या येत होत्या, जात होत्या. आम्ही लेकी आत झोका बांधत होतो. दुपार चढली तशी आई बाहेर गेली आणि म्हणाली, "आत ये वं, ऊन लागते." वहिनी आत आली, गाठोडं कोनाड्यात ठेवलं आणि आमच्यासाठी पुरण वाटायला बसली. मी झोक्यावर बसले होते आणि मला उतरता येईना, बसवतही नव्हतं.

पुढच्या आखाजीला मी माहेरी गेलेच नाही. ह्यांनाच मुराळी करून पाठवलं. नणंदेचा नवरा मुराळी! आई भडकली. "ननंदेच्या घरी माहेरपन? ही कुठली रीत?" असं म्हणून तिने ह्यांना चहासुद्धा धड दिला नाही. दादाने मात्र बैल जुंपले आणि वहिनीला स्वतः भुसावळच्या ठेसनावर आणून सोडलं. धुळ्याला आमच्या गल्लीत अहिराणी. मला स्वतःला लग्नानंतर ती जिभेवर चढवायला वर्ष लागलं होतं, आणि वहिनी तर आत्ता कुठे 'मले-तुले' शिकली होती. शेजारच्या गंगूबाईने विचारलं, "कोन शे व ही?" मी म्हटलं, "वहिनी शे." "वहिनी? मंग आखाजीले आठे कशी उनी?" आखाजीला इथे कशी आली, तर मी म्हटलं, "हाईच तिनं माहेर शे." हेच तिचं माहेर आहे. गंगूबाईने थोडा विचार केला आणि वहिनीला दंडाला धरून झोक्यावर बसवलं. गौराई बोळवताना पलीकडच्या गल्लीने हिची बोली ऐकून टर उडवली, तेव्हा ह्या 'आपण जेवलात का'वालीने पदर खोचला आणि मोंबासाच्या भाषेत अशी काही एक लांबलचक शिवी हासडली की पलीकडची गल्ली गप्प झाली. अर्थ तिने मलाही कधी सांगितला नाही. "वन्सं, तुम्ही घरंदाज आहात," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दर आखाजीला ती माझ्याकडे यायची. घरात पाहुणी म्हणून ती असायची, तेव्हा मला कुठे जाता येणार? माझं माहेरी जाणं दिवाळीवर गेलं. ह्यात मी काही मोठं केलं असं नाही. मला ती हवी असायची, आणि आखाजीशिवाय तिला कोणी सोडलं नसतं. दोन-चार वर्षांनी दादाकडे गेले तेव्हा पाहिलं, तर विहिरीवरच्या बायका तिला धुळेवाली म्हणत होत्या. मी थट्टेवारी नेलं. आईसुद्धा वारण्याआधी तिला तशीच हाक मारू लागली होती.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. अंगण माणसांनी भरलेलं, पण रडण्याचा आवाज नव्हता. वहिनीला न्हाऊ घालून अंगणात ठेवलं होतं, अंगावर साधी चादर होती. थंडीचे दिवस, म्हणून एवढं थांबता आलं. आमच्या नात्यातली केशरआत्या पुढे आली. मला वाटलं गळ्यात पडेल. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"लुगडं कुठी आहे वं?"

"कोणतं लुगडं?"

"माहेरचं."

सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ही रीत मला काय ठाऊक नव्हती? पण मी आले होते ती दादाची बहीण म्हणून, ह्या घरची लेक म्हणून. मी म्हटलं, "आत्या, मी इथली आहे ना."

"तू असशीन इथली. तिचं माहेर धुय्याचं आहे. त्याच्यासाठीच तं सकाळपासून गाव थांबेल आहे."

मी रिकाम्या हातांनी उभी. कोणी तरी म्हणालं, यावलला जाऊन पटकन कोरं घेऊन येऊ. आत्या त्याच्यावर खेकसली, "यावलचं काय करू? यावल तिचं माहेर आहे काय?" मग मी आत गेले. वहिनीची लुगडी दोरीवर होती, त्यांतलं एक ओढलं, माझ्या अंगावरचं सोडून ते नेसले आणि माझं बाहेर आणलं. धुळ्याच्या बाजारात घेतलेलं, वापरून मऊ पडलेलं, पदराला हळदीचा डाग. एक बाई कुजबुजली, "कोरं पाह्यजे." आत्या म्हणाली, "माहेरचं पाह्यजे." आणि तिने ते माझ्या हातून घेतलं. वहिनीला ते नेसवलं तेव्हा ते अजून माझ्या अंगाने उबदार होतं. ह्यांनी आणि दादाने पुढून खांदा दिला, आणि मग बायकांचा आवाज फुटला. माझा फुटला नाही.

आता आखाजी तोंडावर आली आहे. दादाने कळवलंय की यंदा तो स्वतः मुराळी म्हणून मला न्यायला येतो. जाईन की नाही, अजून ठरवलेलं नाही. वहिनीचं लुगडं मी नेसूनच धुळ्याला आले होते, ते परत पाठवायचं राहिलं. घडी करून ठेवावं म्हणते, पण ठेवत नाही. धुते, वाळलं की पुन्हा नेसते. परवा मी ते अंगणात वाळत घालत होते, तर गंगूबाई काठ चाचपून म्हणाली, "नवं शे का व?"

वहिनीचं आहे म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाही. मनी लेकनं शे."

माझ्या लेकीचं आहे. वाऱ्याने गोळा झालेला पदर गंगूबाईने दोरीवर नीट पसरला आणि ती तिच्या घरात गेली.