वरच्या मजल्यावरचे बारा देव

खंडोजीरावांनी एकतीस वर्षं हुणसूरच्या बसमध्ये बिनतिकिटवाले पकडले. बसमध्ये चढले की नुसते चेहरे बघून सांगायचे, तो कोपऱ्यातला फुकट चाललाय. कधी चुकलेही असतील, पण चूक कबूल करायची रीत त्या खात्यात कुणालाच नव्हती. निवृत्त झाले तशी बस सुटली, संशय मात्र काही सुटला नाही.

चामराजपुरमच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर साळवे भाड्यानं आले. निशांत कडकोळच्या कारखान्यात नोकरीला, बायको ऋचा घरी, मुलगी मृण्मयी अकरा वर्षांची. माणसं संगमनेरकडची, ख्रिस्ती. त्यांचं मराठी कानावर पडलं आणि खंडोजीरावांनी पुढं काही न विचारता चावी हातात ठेवली. बायको शकुंतलाबाई वारल्यापासून घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. बेंगळूरूचा मुलगा गगन फोनवर कन्नडातच उरकायचा. ऋचा रोज जिन्यातून हाक मारायची, "काका, जेवलात का?" आणि त्या एका हाकेवर म्हातारा दिवस काढायचा. खोटं कशाला बोला!

पण मग पोरं यायला लागली. आठवड्यातून तीन सकाळी, ऐन शाळेच्या वेळेला, सात-आठ पोरं वर जायची. मृण्मयी शाळेत जातच नाही म्हणे. चार ख्रिस्ती घरं मिळून मुलांना घरीच शिकवतात. "अय्यो, गावात एवढ्या शाळा पडल्यात आणि हे काय नवीन?" खंडोजीरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यात जाडजूड पार्सलं येऊ लागली. एक दिवस पंचा वाळत घालायच्या निमित्तानं ते जिन्यात कान देऊन उभे राहिले. पोरं एका सुरात म्हणत होती, "झ्यूस, हेरा, अथेना, अपोलो..." मोजून बारा नावं. मग ऋचाचा आवाज आला, "यांच्या मूर्तींसमोर लोक बळी द्यायचे."

बळी! म्हाताऱ्याला दोन दिवस अन्न गोड लागेना. येशूला मानणाऱ्यांच्या घरात बारा देव आले कुठून? पोरांना बाटवतात की आणखी काही भलतंच? तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वसाहतीच्या रहिवासी संघाच्या तिरुमलरावांना फोन लावला. "माझ्या घरात पोरं गोळा करून काहीतरी चाललंय. उद्या माझ्या नावावर यायला नको, बघा बाबा."

तिरुमलरावांना एवढंच हवं होतं. "पाच वाजता येतो. चार माणसं घेऊन येतो," ते म्हणाले.

चार वाजता ऋचाच खाली आली. हातात दोन पुस्तकं.

"काका, एक मदत हवीय. मुलांना प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवायचाय. कुठलं पुस्तक घ्यायचं ते चारही घरांनी माझ्यावर सोडलंय. ही दोन्ही आमच्यासारख्या, घरी शिकवणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठीच लिहिलेली आहेत. नमुन्याचा एकेक धडा शिकवून बघितला. पोरांनी त्या ग्रीकांचे बारा देव पाठसुद्धा केले."

"इतिहास?" खंडोजीरावांना चहाचा ठसका लागला.

"हो. हे पहिलं सगळ्यांना आवडलंय. पण यात लिहिलंय, मूर्ती पुजणारे ते लोक आंधळे आणि मूर्ख होते. दुसऱ्यात ते काय मानायचे, का मानायचे ते नीट सांगितलंय, आणि आम्ही काय मानतो तेही. मला हे हवंय. पण बाकीच्या आया म्हणतात, यानं मुलं बहकतील. माझ्याकडेच संशयानं बघतात." ती हसली. "मी म्हटलं, आपली मुलं काकांच्या देवघरासमोरून वर येतात. ते पहिलं पुस्तक शिकून ती काकांकडे कुठल्या नजरेनं बघतील? तर तुम्ही वाचा. कुठं टोचलं तर सांगा."

फोन उचलून 'येऊ नका' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण ती समोरच बसली होती, एकेक पान उलटून दाखवत होती, आणि तिच्यादेखत फोन करायची त्यांना लाज वाटली. शरमेनं मान वर होईना. "वाचतो, वाचतो," एवढंच ते पुटपुटत राहिले.

पाचाला फाटक वाजलं. तिरुमलराव आत आले, मागं चार माणसं, एकाचा मोबाईल आधीच चालू.

"पोरांना काय शिकवता तुम्ही?" तिरुमलरावांनी कन्नडात विचारलं.

"ग्रीसचा इतिहास." ऋचानं पुस्तक पुढं केलं. "का? कुणाची तक्रार आहे?"

तिरुमलराव गोंधळले. "हे काय, यांचीच की! दुपारी यांनीच फोन केला."

ऋचानं खंडोजीरावांकडे बघितलं. ते धडपडत उठले. "नोडी, बघा, माझाच गैरसमज झाला. इथं वावगं काही नाही. जा तुम्ही, जा!" आधी कन्नडात ओरडले, मग तिच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चुकलो मी, पोरी."

माणसं गेली. पण जाता जाता मोबाईलवाल्यानं जिन्यात उभ्या असलेल्या मृण्मयीचा फोटो काढलाच. ऋचानं दोन्ही पुस्तकं उचलली, लेकीला पुढं घातलं आणि वर गेली.

दुसऱ्या दिवसापासून पोरं यायची थांबली. वर्ग कुठं हलवला ते कुणी सांगितलं नाही. जिन्यातली हाकही बंद झाली. खंडोजीराव महिनाभर कुढले. शेवटी एका सकाळी ऋचा भाजी घेऊन वर चाललेली दिसली तसे ते धीर करून पुढं झाले.

"ऋचा, शेवटी कुठलं पुस्तक घेतलंस ग?"

ती थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला स्वतःसाठी जाणून घ्यायचंय, काका, की कुणाला कळवायचंय?"