शेराची शीग

"मॅडम, पहले ये सीज करो," असं म्हणत मल्लेश सरांनी माझ्यासमोर टेबलावर एक लोखंडी शेर आपटला.

मी आले होते त्यांचा वजनकाटा तपासायला. तेलंगणात गुडीहत्नूरजवळचं मुलींचं एक खासगी वसतिगृह. मल्लेश सर तिथले वॉर्डन. माणूस सरळ, पण त्या दिवशी चांगलाच तापलेला. स्वयंपाकघराच्या दारात कौसाबाई उभ्या होत्या. पंधरा वर्षं तिथल्या स्वयंपाकीण. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले.

आधी माझं काम सांगते. माझं खातं लीगल मेट्रॉलॉजी, म्हणजे वजन-मापांचं खातं. लोकांना हे नाव कधीच कळलं नाही. आदिलाबादला आमच्या ऑफिसात एकदा एक गृहस्थ विचारायला आले होते, "मॅडम, आपल्याकडे मेट्रो कधी सुरू होणार?" मी त्यांना म्हटलं, आधी आमच्या ऑफिसचा पंखा सुरू होऊ द्या. तर आमचं काम असं, की बाजारातला प्रत्येक काटा ठरावीक मुदतीत तपासायचा, बरोबर असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर केस करायची. रिटायर व्हायला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं आणि चोर ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा पक्का समज होता.

त्या दिवशी माझाही पारा जरा चढलेलाच होता. कारण सकाळचा चहा. आमच्या घरी सकाळचा चहा नवरा करतो आणि काही महिन्यांपासून तो नुसतं गरम पाणी देत होता. मी म्हटलं, "एवढा हात आखडता कशाला?" तो म्हणाला, "पाव किलोचा पुडा पंधरा दिवस पुरलाच पाहिजे, हा नियम कोणाचा? मी पुरवतो आहे." नियम माझाच होता. तरी मी कप तसाच ठेवून निघाले.

"सीज कशासाठी?" मी सरांना विचारलं.

"इसी से सब गड़बड़ हो रहा मॅडम. ये गैरकानूनी है ना?"

तसा तो होताच. शेर म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, वजनाचं नाही, आकारमानाचं. भरायचं आणि ओतायचं. किलो-ग्रॅम आले तेव्हा तो कायद्यातून गेला. शेराने कुणी काही विकलं तर मी तो जप्त करू शकते. पण घराघरांत तो अजून आहे, पिठाच्या डब्यात नाहीतर देवापाशी. कौसाबाईंचा शेर त्यांच्या सासूचा होता. तळाशी झिजलेली उर्दू अक्षरं होती. म्हणजे निजामाच्या काळात माझ्यासारख्याच कुणीतरी तो तपासून ठसा मारला होता.

भानगड अशी होती. तीन महिन्यांपासून वरण पातळ होत होतं. मुलींनी तक्रारपेटीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एका चिठ्ठीत तेलुगूत लिहिलं होतं, "पप्पुलो पप्पु लेदु." म्हणजे वरणात डाळच नाही. सरांनी स्टॉक रजिस्टर काढलं. रोज बारा पुडे डाळ कोठीतून निघत होती. पूर्वीही बाराच. मुली तेवढ्याच, पातेलं तेच. मग डाळ जाते कुठे? सरांनी कोठीला दुसरं कुलूप घातलं. तरी वरण पातळच. शेवटी एका संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, त्यांनी कौसाबाईंची थैली तपासली. थैलीत चष्मा, पानाची चंची आणि नातवासाठी घेतलेली दोन केळी निघाली. पण संशय गेला नाही. शनिवारी संस्थेची कमिटी बसणार होती आणि कौसाबाईंना काढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

"माही थैली झाडली मॅडम, समद्या पोरींसमोर," कौसाबाई म्हणाल्या. "म्या एक दाणा घरी नेला असन तं माये हात झडो. नोकरी गेली तं जाऊ द्या. पण चोर म्हणून काऊन जाऊ?"

ते ऐकून मला वाईट वाटलं. माझी आईही शेजारच्या गावात शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. रात्री घरी आली की आधी रिकामा डबा उघडून आम्हाला दाखवायची, कुणी काही बोलायच्या आत. ती सवय तिला कशामुळे लागली होती हे मला त्या दिवशी कळलं.

"शेराचं काय म्हणणं आहे तुमचं?" मी विचारलं.

"शेर खोटं नाई बोलत. पयले एक पुडा वतला का शेर भरून वर शीग राहे. आता शीग तं नाईच, काठालेई डाळ लागत नाई. म्या सरायले किती डाव सांगतलं, शेर भरून नाई राह्यला. ते म्हंते तुह्या शेराचा बुड ठोकला हाय."

शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जो डोंगर राहतो तो. आमच्याकडे शीग न देता दाणे मोजणाऱ्याला लोक तोंडावर कंजूस म्हणतात.

सरांचं म्हणणं साधं होतं. तळ ठोकून खोलगट केला की मापात जास्त माल मावतो आणि शीग नाहीशी होते. म्हणजे बाईने डाळ नेली आणि दोष लपवायला शेर बिघडवला. हिशेबी डोकं होतं. मलाही क्षणभर पटलं, खोटं कशाला बोलू.

मी कामाला लागले. आधी काटा. आम्ही बरोबर पितळी वजनं नेतो, त्यांना वर्किंग स्टँडर्ड म्हणतात. खात्याने प्रमाणित केलेली असतात, त्यांच्यावरून बाकीची वजनं आणि काटे तपासायचे. एक किलो ठेवलं, काट्याने एक किलो दाखवलं. पाच ठेवलं, पाच. काटा धुतल्या तांदळासारखा. मग शेर उलटा करून बघितला, तळावर पट्टी आडवी धरली. तळ सपाट होता, हातोड्याची एकही खूण नव्हती. इतक्या वर्षांनीही तो शेर सरकारी कामात टिकणाऱ्या माणसांपेक्षा सरळ होता.

"शेर बरोबर आहे," मी म्हटलं.

"तो फिर?" सर म्हणाले.

"पुडा आणा."

कौसाबाईंनी कोठीतून पुडा आणला. तुरीच्या डाळीचा, हिरवा, वर हसणाऱ्या बाईचं चित्र. आमच्या भागात ह्याला सगळे किलोचा पुडा म्हणतात. दुकानदार, गिऱ्हाईक, मीसुद्धा. रजिस्टरमध्येही तेच लिहिलेलं: 'किलो पाकीट, नग १२.' मी पुडा काट्यावर ठेवला.

काट्याने आठशे बासष्ट दाखवलं.

सर काट्यावर वाकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, आपका काटा खराब है."

"काटा तुमचा आहे," मी म्हटलं. "आणि आत्ताच तुमच्यासमोर पास झाला."

मी पुडा उलटा केला. खाली कोपऱ्यात, मुंगी चालल्यासारख्या अक्षरांत छापलं होतं: निव्वळ वजन ८५० ग्रॅम. वरचे बारा ग्रॅम पिशवीचे. पुडा तेवढाच उंच, तेवढाच रुंद, रंग तोच, बाई तीच. फक्त बाईच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नवीन पॅक' आलं होतं. ती एवढी का हसत होती ते मला तेव्हा कळलं.

बारा पुड्यांत दीडशे-दीडशे ग्रॅम कमी. म्हणजे रोज अठराशे ग्रॅम डाळ कोठीत आलीच नव्हती. जी आलीच नाही ती बिचारी बाई कुठून चोरणार?

सरांनी लगेच डाळ पुरवणाऱ्या आदिलाबादच्या सेठला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"सेठ, किलो के पुडे में साढ़े आठ सौ ग्राम दाल?"

"नमस्ते मॅडम, नमस्ते. चाय लेंगे?"

"फोन पे?"

"आइए कभी. देखिए मॅडम, मैंने किलो कब बोला? बिल देखिए. 'पैकेट' लिखा है. कंपनी ने पैकेट छोटा किया, दाम वही रखा. गाहक दाम बढ़ा तो चिल्लाता है, दाल घटी तो नहीं चिल्लाता."

बिल बघितलं. खरंच 'पॅकेट' लिहिलं होतं. आता माझी पंचाईत. पूर्वी डाळ, चहा, तेल अशा वस्तू ठरावीक वजनाच्या पाकिटांतच विकायच्या असा नियम होता. तो आता नाही. आता एवढंच बघायचं, की वजन छापलं आहे का आणि छापलं तेवढं आत आहे का. दोन्ही होतं. कंपनी कायद्याने बरोबर, सेठ बरोबर, काटा बरोबर, रजिस्टर बरोबर. सगळे साव. मग उरलं कोण, तर पातेल्यापाशी उभी असलेली कौसाबाई. चोर तिलाच ठरवणं सोपं होतं.

सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "मैं कमिटी को लिख के दूँगा. गलती मेरी है."

"कमिटीले नाई," कौसाबाई म्हणाल्या. "थैली पोरींसमोर झाडली ना? मंग शेर बी तिथंच भरा."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी वजनं पुसत होते आणि ती पुसायला मी मुद्दाम वेळ लावला.

दुपारी मुली जेवायला बसल्या तेव्हा मल्लेश सर शेर आणि पुडा घेऊन मध्ये उभे राहिले. सगळ्यांना दिसेल असा पुडा फोडून ओतला. शेर काठापर्यंत भरला नाही. मग काट्यावर दीडशे ग्रॅम डाळ मोजून वर घातली. शेर भरला, काठ बुडाला आणि वर छान टोकदार शीग उभी राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "पप्पु वच्चिंदी!" डाळ आली! हॉलभर हशा.

सरांनी हात जोडले. कौसाबाईंशी बोलायचं म्हणून मुद्दाम मराठीत बोलले. तेलुगू माणसाचं मराठी ते. "कौसाबाई, माफ करा. मी चुकली."

कौसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चुकली नाई सर. चुकलो."

"चुकलो," सर म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मलाही हसू आवरेना, आणि खरं सांगते, थोडं रडूही.

दुसऱ्या दिवसापासून रजिस्टरमधला 'नग' गेला आणि तिथे किलो-ग्रॅम आले. डाळ सुटी, पोत्यातून मोजून यायला लागली. माझ्या रिपोर्टात मी शेराबद्दल लिहिलं: 'व्यापारात वापर नाही. स्वयंपाकघरातील भांडे.' कौसाबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "मंग काय, भांडंच हाय ते."

संध्याकाळी घरी आले आणि चपला न काढताच चहाचा पुडा उलटा केला. कोपऱ्यात मुंगीची तीच रांग. २१५ ग्रॅम. दुसऱ्यांच्या पुड्यांवरचं वजन वाचायचा पगार घेणारी बाई मी, आणि सहा महिने 'पाव किलो' म्हणून तो पुडा घरात आणत होते. नवरा बिचारा माझा नियम पाळायचा म्हणून चमचा अर्धा करत होता.

महागाई शिगेला पोचली असं आपण म्हणतो. पोचते ती, पण आपल्याच मापाची शीग उचलून. आणि मापात कमी पडलं की आपण बघतो तो सगळ्यात जवळचा हात.

नवऱ्याने कप पुढे केला. चहा पांचटच होता. मी सगळा प्यायले आणि म्हटलं, "चुकली."