मागे बघायचं नाही

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या बीचवर ती एकदाच भेटली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, कमरेएवढ्या पाण्यात, काळ्या साबणाने निवांत डोकं धूत होती. बाहेर आल्यावर हसून म्हणाली, "आम्ही नायजेरियातले योरुबा लोक डोक्याला चिकटलेलं वाईट असं धुऊन टाकतो."

"केवढी ही अंधश्रद्धा!" माझा इंजिनिअर नवरा मराठीत पुटपुटला. त्याच्या मुठीत नव्या गाडीवरून उतरवलेलं लिंबू होतं, समुद्रात टाकायला आणलेलं.

तिने ते बरोबर हेरलं. "टाकलंस की मागे बघू नकोस, मेट. सोडलेलं परत चिकटतं." आणि मान ताठ ठेवून, न वळता निघून गेली.

लिंबू टाकून आम्ही गाडीत बसलो. मागे समुद्र, आणि रिव्हर्स घेतल्याशिवाय निघता येईना. नवऱ्याने कॅमेऱ्याचा स्क्रीन हाताने झाकला आणि मला म्हणाला, "तू बघ गं मागे."