लाल धाग्याची बाटली

सरलाबाईंची मोरी इतकी पांढरीशुभ्र, की पर्वत पाटिया वस्तीमागच्या त्यांच्या चाळीत नव्या सुनांना मुद्दाम दाखवायला आणत. बाई होत्या मोठ्या दवाखान्यात तातडीच्या वॉर्डात आया. तेरा वर्षांत डॉक्टर आले नि गेले, सरलाबाई तिथल्या तिथेच. त्यामुळे नव्या डॉक्टरांना चार शब्द सुनावायचा हक्क त्यांनी आपणहून घेतला होता.

डॉक्टर हर्षदा विष पोटात गेलेल्या पेशंटांची नोंद एका वहीत करायची. वय, गाव, काय प्यायलं, किती. सरलाबाई लादी पुसता पुसता म्हणाल्या, "डॉक्टरबेन, काय पिलं ते लिहिता. कशातून पिलं तेबी लिहा ना."

हर्षदाने रकाना वाढवला. दोन महिन्यांत चित्र उघडं पडलं. निम्म्याहून जास्त लोक थंड पेयाच्या जुन्या बाटलीतून प्यायले होते, आणि तेही बहुतेक कापड मिलच्या सुट्टीच्या दिवशी. सुट्टीला घरं धुतली जातात, मिलमधून आणलेलं मळ काढायचं औषध बाहेर निघतं आणि कुणीतरी ते पाणी समजून तोंडाला लावतं. हर्षदा सरलाबाईंना गुरू म्हणू लागली. बाईंना ते आवडलं, हे सांगायला नकोच.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ती मोरी काही राखेने पांढरी झाली नव्हती. बाईंचा मुलगा चेतन कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये होता आणि तोच दर सुट्टीच्या आदल्या दिवशी तिथलं बाटलीभर कॉस्टिक आणायचा, मळाबरोबर कातडीही जाळणारं. बाई मात्र सावध. बाटलीच्या गळ्याला त्या लाल धागा बांधत, म्हणजे घरातलं कुणी हात लावणार नाही. समोरच्या उज्ज्वलेलाही अर्धी बाटली दिली, तीसुद्धा धागा बांधून. शेजारधर्म म्हणून.

पुढच्याच सुट्टीला सकाळी उज्ज्वला सासूला रिक्षात घालून दवाखान्यात आली. सासू, उषाबाई, चारच दिवसांपूर्वी पारोळ्याहून आलेली. ओठ सुजलेले, बोलता येत नव्हतं. उज्ज्वलेच्या हातातल्या बाटलीवर लाल धागा होता.

"आईंना वाटलं देवाचं तीर्थ आहे," उज्ज्वला रडत म्हणाली. "झाकणभर घेतलं, हात जोडले नि पिल्या."

सोबतचा दीर मिठाचं पाणी पाजायला पुढे झाला. सरलाबाईंनी त्याचा हात धरला. "उलटी नको काढू. येताना पुन्हा जाळेल."

"बाटलीत नेमकं काय आहे?" हर्षदाने विचारलं.

उज्ज्वला म्हणाली, "मिलचं पाणी." याहून जास्त तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एकट्या सरलाबाईंना. आणि सांगितलं, तर कागद पोलिसांकडे जाणार, चेतनचं नाव निघणार, मिल त्याला दारातही उभं करणार नाही. खरं सांगायचं तर, क्षणभर त्यांनी गप्प राहायचा विचार केला. मग उषाबाईंच्या ओठांकडे पाहिलं.

"कॉस्टिक आहे," त्या म्हणाल्या. "माझा चेतन आणतो. हिला मीच दिलं. लिहा माझं नाव."

हर्षदाने लिहिलं आणि ती उपचाराला लागली.

चेतनचं काम गेलं. आठ दिवस तो आईशी बोलला नाही, नंतर इच्छापोरला एका कारखान्यात लागला. चाळीतल्या असल्या सगळ्या बाटल्या सरलाबाईंनी दारोदार फिरून गोळा केल्या आणि चेतनकरवी मिलच्या गेटवर परत दिल्या. त्यांची मोरी आता चारचौघींसारखी आहे.

उषाबाई वाचल्या. अकराव्या दिवशी घशातून घोगरा का होईना आवाज फुटला. सरलाबाई त्यांना चमच्याने पातळ पेज भरवत होत्या. म्हातारीने त्यांचं मनगट धरलं. तिच्या मनात एकच शंका होती.

"बाई, तो धागा कोणता देवना व्हता वं?"

सरलाबाईंनी चमचा खाली ठेवला आणि तिच्याच बोलीत सांगितलं.

"देवना नही, माय. मना व्हता, मीच बांधेल व्हता."