हवेची खोटी बातमी

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या घरात गाडी आली, ती बायकोची. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, सेकंडहँड, पण फ्युएल इंजेक्शनची. मला चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. घरातल्या एकाने तरी खिडकीबाहेर बघायला मोकळं असावं, असं माझं मत. बायको स्टिअरिंगवर आणि नवरा शेजारी, मांडीवर पिशवी, हे दृश्य भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीला बरेच दिवस पुरलं. तिला त्याचं काही वाटत नसे. निदान गाडी नीट चालत होती तोवर.

दसरा झाला आणि गाडी आचके द्यायला लागली. मार्केटच्या वळणावर वेग कमी केला की गचकन बंद. मागे रिक्षांची रांग आणि रांगेचे अभिप्राय.

"वहिनी, क्लच लवकर सुटतोय तुमच्याकडून," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्याकडे गाडी नव्हती. गाड्यांबद्दल मतं मात्र भरपूर होती आणि ती ते सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा तशी मांडत. "लेडीज ड्रायव्हिंगमध्ये हे कॉमन आहे."

"मग दसऱ्याच्या आधी मी कोण होते?" बायकोने विचारलं. त्यावर ठराव झाला नाही.

खरी अडचण वेगळीच होती. माझ्या सासूबाई गोडदेवला राहत. त्यांच्या दारावर वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणारी, समुद्राकाठच्या पाली गावची कोळीण आता गुडघ्यांमुळे घरी बसली होती, आणि सासूबाईंना तिला भेटायचं होतं. "रिक्षाने नाही जायची मी," त्यांनी सांगून टाकलं. "लेकीच्या गाडीतून जाईन. तिला बघू दे." रविवार ठरला होता. पालीच्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली तरी दोघांपैकी एकाला मोठेपणा घ्यावा लागतो. तिथे गाडी बंद पडली असती, तर क्लचचा सिद्धांत दोन तालुक्यांत मान्य झाला असता.

शनिवारी आम्ही गॅरेज गाठलं. मिस्त्री कार्ब्युरेटरच्या जमान्यातला, उमदा माणूस. त्याने प्लग साफ केले, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि बॉनेटखालच्या वायरींकडे दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं बघितलं. "भाभी, ये कंप्यूटरवाली है. इसको बंबई भेजो."

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिथे लाइनवर खरखर आली की फॉल्ट कुठे आहे यावर चर्चा करत नाहीत. एकेक जोडणी सुटी करतात; जी काढल्यावर खरखर थांबते, ती दोषी. तिने पदर खोचला आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं.

"चालू गाडी में हाथ मत डालो," मिस्त्री म्हणाला.

"पंख्याला नाही लावत. हे काय आहे?"

एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड नळीवर एक छोटी डबी बसवलेली होती. "वो हवा नापता है," मिस्त्रीने सांगितलं. इंजिन किती हवा ओढतंय ते डबी मोजते, तसं कॉम्प्युटरला कळवते, आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो.

बायकोने डबीचा प्लग ओढला. इंजिन एकदा अडखळलं आणि मग एका लयीत चालू लागलं, जरा जाड आवाजात, पण न थांबता. मिस्त्री आधी हसायला लागला, मग आम्ही. डबी गप्प केल्यावर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल देत होता, आणि त्याचा अंदाज डबीच्या मोजमापापेक्षा बरा होता. खोटी बातमी देणाऱ्यापेक्षा मौन पाळणारा बरा, हे मला वर्तमानपत्रं वाचून माहीत होतं. इंजिनालाही लागू आहे हे नवीन होतं.

डबी खोलली. आत केसाइतकी बारीक तार आणि तिच्यावर लालसर पिवळा थर. मिस्त्रीने बोट फिरवून वास घेतला. "भाभी, ये तो हल्दी-कुंकू है."

मग उलगडा झाला. दसऱ्याला सोसायटीतल्या सगळ्या वाहनांची पूजा सेक्रेटरींनी आपल्या हाती घेतली होती. आज शस्त्रांची, यंत्रांची पूजा, तेव्हा पत्र्याला कुंकू लावून काय होणार, असं छोटंसं भाषण करून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं होतं. "यंत्राचा श्वास जिथे चालतो तिथे," म्हणत एअर फिल्टरचं झाकण उचलून वरच्या, गाळलेली हवा जिथून इंजिनात जाते त्या स्वच्छ बाजूला हळद, कुंकू आणि अक्षता मनापासून वाहिल्या होत्या. टाळ्याही झाल्या होत्या. इंजिनाने प्रसाद पहिल्याच श्वासात घेतला. अक्षता तेवढ्या फिल्टरच्या घड्यांत अडकून राहिल्या होत्या.

बायकोने एक्स्चेंजमध्ये रिलेचे काँटॅक्ट पुसायला वापरतात ते स्पिरिट आणि मऊ ब्रश आणला. तार धुतली, वाळवली, प्लग जोडला. गाडी मांजरीसारखी गुरगुरली. मिस्त्रीने तिला चहा पाजला. मला तिच्याबरोबर मिळाला.

रविवारी सासूबाई पुढे बसल्या, मी मागे. मिठागरं गेली, डोंगरीचा चढ गेला, पालीची गल्ली आली. गाडी कुठेही थांबली नाही.

कोळीण ओटीवर बसली होती. "तुजी पोर हाय ही? हिनं चालवली?"

"मग कोण?"

"जावय?"

"त्याला येत नाही. मागे बसलाय, पिशव्या धरून."

"बरा हाय मंग. भांडान न्हाय," कोळीण म्हणाली आणि सुक्या बोंबलांची एक पिशवी माझ्याकडे आणखी आली.

निघताना गाडी वळवायला जागा नव्हती. पूर्ण गल्ली रिव्हर्समध्ये काढावी लागणार होती. दारादारांत माणसं उभी राहिली, मागे दोन स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले. बायकोने मान मागे वळवली आणि इंचाइंचाने गाडी सोडू लागली. सासूबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि स्कूटरवाल्यांना सांगितलं, "तुम्हीच घ्या मागे. ती येतेय."

ते मागे सरकले.